डुकराचा विषाणू बाटलीत कसा वाढवतात?

"बायोटेकवाले लॅबमध्ये नक्की करतात तरी काय?" हा प्रश्न मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मंडळींनी मेसच्या टेबलावर इतक्या वेळा विचारला आहे, की या वर्षी मासिकाच्या मराठी विभागात त्याचं लेखी उत्तरच देऊन टाकावं असं ठरवलं. विषय घेतला आहे डुकरांच्या विषाणूंचा. नाक मुरडू नका! या विषयात रसायनशास्त्र आहे, एम-फोरमधलं पॉयसाँ डिस्ट्रिब्यूशन आहे, फिल्टर डिझाइन आहे, आणि लाखो सशांच्या जिवाचा हिशोबसुद्धा आहे.

एक आधीच सांगते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'सेल कल्चर'ला मराठीत काय म्हणतात हे शब्दकोशात शोधावं लागलं. शब्द सापडला 'पेशीसंवर्धन', आणि तो मला इंग्रजीपेक्षा जास्त आवडला. कारण हे काम खरोखरच संवर्धनाचं आहे. पेशींना जपायचं, खाऊ घालायचं, वाढवायचं. बाकीचे शब्द मात्र लॅबमध्ये आपण बोलतो तेच वापरले आहेत.

विषाणूला घर लागतं

बॅक्टेरिया वाढवणं सोपं असतं. अगारच्या प्लेटवर साखर, प्रथिनं दिली की रात्रीत वसाहती उठतात. विषाणूचं तसं नाही. त्याच्याकडे स्वतःचं काहीच नसतं. थोडासा डीएनए किंवा आरएनए आणि वर प्रथिनांचं कवच, एवढाच संसार! दुसऱ्याच्या जिवंत पेशीत शिरून, तिचीच यंत्रसामग्री वापरून तो स्वतःच्या प्रती काढतो. म्हणजे विषाणू वाढवायचा असेल तर आधी जिवंत पेशी हव्यात.

पूर्वी यासाठी सरळ जनावरच वापरत. डुकराचा रोग अभ्यासायचा तर निरोगी डुकराला रोग्याचं रक्त टोचायचं आणि वाट बघायची. १९४९ मध्ये अमेरिकेत एन्डर्स, वेलर आणि रॉबिन्स या तिघांनी पोलिओचा विषाणू मज्जासंस्थेबाहेरच्या पेशींमध्ये, काचेच्या भांड्यात वाढवून दाखवला आणि चित्रच बदललं. त्यासाठी त्यांना १९५४ चं नोबेल मिळालं. त्यानंतर जनावरांच्या विषाणूंवर काम करणाऱ्यांनीही हीच वाट धरली.

पेशींचं हॉस्टेल

आपण सगळे हॉस्टेलवाले, त्यामुळे तीच उपमा देते. पेशी ज्या चपट्या प्लॅस्टिकच्या बाटलीत राहतात ती झाली खोली. तिला फ्लास्क म्हणतात. तळाचं क्षेत्रफळ ७५ चौरस सेंटिमीटर असेल तर टी-७५. पेशी तळाला चिकटून, एका थरात पसरतात.

मेस म्हणजे मीडियम. त्यात क्षार, ग्लुकोज, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं असतात. १९५० च्या दशकात हॅरी ईगल यांनी पेशींना किमान काय काय लागतं याची यादी पक्की केली. त्यांच्या नावाचं मीडियम आजही वापरलं जातं. त्यात साधारण ५ ते १० टक्के गायीच्या गर्भातल्या वासराचं सीरम घालतात, कारण वाढीला लागणारे कित्येक घटक त्यात आयतेच मिळतात.

तापमान ३७ अंश सेल्सिअस. इनक्युबेटरमध्ये ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. हा वायू कशाला? मीडियममध्ये सोडियम बायकार्बोनेट असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि द्रावणातलं बायकार्बोनेट यांचा तोल राहिला तर पीएच ७.२ ते ७.४ च्या आसपास टिकतो. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतला बफर तो हाच! पीएच डोळ्यांनी कळावा म्हणून फिनॉल रेड नावाचा रंग घालतात. मीडियम लालसर असेल तर ठीक. पिवळं पडलं तर आम्ल वाढलं, म्हणजे पेशींनी अन्न संपवलं किंवा बॅक्टेरिया घुसले. जांभळट गुलाबी झालं तर कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय.

खोली भरली की पेशी वाढायच्या मंदावतात. मग त्यांना नव्या खोल्यांत हलवायचं. आधी जुनं मीडियम काढून सलाइनने धुवायचं, मग ट्रिप्सिन घालायचं. हे प्रथिनं कापणारं एन्झाइम पेशींची तळाशी असलेली पकड सोडवतं. धुणं टाळलं तर चालत नाही, कारण सीरममध्ये ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात आणि पेशी जागच्या हलत नाहीत. सुटलेल्या पेशी तीन-चार फ्लास्कमध्ये वाटल्या की झाला एक पॅसेज.

सुट्टीवर पाठवायची सोयसुद्धा आहे. १० टक्के डीएमएसओ घालून, मिनिटाला साधारण १ अंश या वेगाने थंड करून पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवतात. वर्षानुवर्षं त्या तशाच राहतात. इतकं हळू थंड का करायचं? घाईने गोठवलं तर पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फाटते. पुण्याचं एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, देशातल्या प्रयोगशाळांना अशा पेशी पुरवतं. डुकराच्या मूत्रपिंडाच्या पेशीही तिथून मिळतात.

कोणाच्या पेशी?

पेशी दोन तऱ्हेच्या. पहिली तऱ्हा 'प्रायमरी', म्हणजे जनावरातून थेट काढलेल्या. त्या अगदी अस्सल असतात, पण थोडेच दिवस टिकतात आणि दर वेळी नवं जनावर लागतं. दुसरी तऱ्हा 'सेल लाइन'. या पेशी कितीही वेळा विभागल्या तरी थकत नाहीत. डुकरांच्या विषाणूंसाठी सगळ्यांत ओळखीची लाइन म्हणजे पीके-१५. डुकराच्या मूत्रपिंडातून काढलेली ही लाइन १९५० च्या दशकापासून जगभर चालू आहे. स्वाइन फीवर, स्यूडोरेबीज, पार्व्होव्हायरस असे कित्येक विषाणू तिच्यात वाढतात.

गंमत म्हणजे डुकराच्या विषाणूला नेहमी डुकराचीच पेशी लागते असं नाही. इन्फ्लुएन्झा कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या एमडीसीके पेशींमध्ये छान वाढतो. पिलांना जीवघेणे जुलाब लावणारा पीईडी विषाणू आफ्रिकन ग्रीन माकडाच्या व्हेरो पेशींमध्ये वाढतो, पण मीडियममध्ये ट्रिप्सिन असेल तरच! डुकराच्या आतड्यात ट्रिप्सिन असतंच. ते विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन कापून देतं, आणि तेव्हाच विषाणूला पेशीत शिरता येतं. फ्लास्कमध्ये ते आपण द्यायचं. अर्थात तेव्हा सीरम काढून टाकावं लागतं, कारण वर सांगितलंच आहे.

पार्व्होव्हायरस आणखी वेगळा. त्याला विभागत असलेलीच पेशी लागते, कारण डीएनएच्या प्रती काढायची यंत्रणा पेशीत तेव्हाच चालू असते. म्हणून भरलेल्या फ्लास्कवर तो टाकून उपयोग नाही. पेशी नुकत्याच पेरलेल्या असतानाच सोडावा लागतो.

विषाणू सोडल्यावर

पद्धत ऐकायला सोपी आहे. आजारी डुकराच्या टॉन्सिलचा किंवा प्लीहेचा तुकडा कुटायचा, सेंट्रिफ्यूज करून गाळ काढायचा, वरचं पाणी ०.४५ किंवा ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. बॅक्टेरिया अडकतात, विषाणू बहुतेक वेळा पार होतात. हे पाणी पेशींवर घालून तासभर ठेवायचं, मग ताजं मीडियम द्यायचं आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं.

विषाणू वाढला तर पेशी गोल होतात, सुटतात, फुगतात किंवा एकमेकींत विरघळून मोठ्या बहुकेंद्रकी पेशी बनतात. या बदलांना आम्ही सीपीई म्हणतो. पहिल्या फेरीत काही दिसलं नाही तर त्याच फ्लास्कमधलं द्रव नव्या पेशींवर टाकतात. त्याला 'ब्लाइंड पॅसेज' म्हणतात. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय 'विषाणू नाही' असं लिहीत नाहीत. शेजारी एक फ्लास्क विषाणू न घालता ठेवायचाच. नाहीतर पेशी विषाणूने मेल्या की नुसत्याच उपासमारीने, हे कसं कळणार?

पण काही विषाणू खुणाच ठेवत नाहीत. क्लासिकल स्वाइन फीवर हा त्यातला नमुना. डुकरांचे कळपच्या कळप मारणारा हा विषाणू पीके-१५ मध्ये आरामात वाढतो आणि पेशी मात्र दिसायला ठणठणीत! वॉर्डनला काही न कळता खोलीत दहा पाहुणे राहावेत तसा प्रकार. मग दोनेक दिवसांनी पेशी स्थिर करून त्यांच्यावर रंग जोडलेली अँटिबॉडी टाकतात. जिथे विषाणूचं प्रथिन असेल तिथे ती चिकटते आणि फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकात पेशी हिरवी चमकते.

किती आहे ते मोजायचं कसं?

आता गणित. विषाणू डोळ्यांना दिसत नाही, मग मिलिलिटरमध्ये किती आहेत हे कसं सांगणार? एक जुनी पण पक्की पद्धत आहे, रीड आणि म्युएंच यांची, १९३८ ची.

विषाणूचं द्रव १० पट, १०० पट, १००० पट असं विरळ करत जायचं. ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक पायरीला ८ खड्डे, प्रत्येकात ०.१ मिली. काही दिवसांनी किती खड्ड्यांत संसर्ग झाला ते मोजायचं. समजा आकडे असे आले:

१० हजार पट: ८ पैकी ८
१ लाख पट: ८ पैकी ६
१० लाख पट: ८ पैकी २
१ कोटी पट: ८ पैकी ०

ज्या पायरीला बरोबर निम्मे खड्डे बाधित होतील ती पायरी आपल्याला हवी आहे. बाधित खड्डे खालून वर जमवत जा: ०, २, ८, १६. न झालेले वरून खाली जमवा: ०, २, ८, १६. मग १ लाखाच्या पायरीला ८ भागिले १०, म्हणजे ८० टक्के. १० लाखाच्या पायरीला २ भागिले १०, म्हणजे २० टक्के. पन्नास टक्के या दोघांच्या मधे. अंतर (८० - ५०) भागिले (८० - २०), म्हणजे ०.५. म्हणजे १० चा ५.५ वा घात इतकं विरळ केलं की निम्मे खड्डे बाधित होतात. हे ०.१ मिलीसाठी, म्हणून १ मिलीसाठी १० चा ६.५ वा घात, साधारण ३२ लाख. या एककाला टीसीआयडी-५० म्हणतात. कागद-पेन घेऊन एकदा स्वतः करून बघा, व्हायवाला उपयोगी पडेल.

आणि पॉयसाँ कुठे येतं? समजा १० लाख पेशी आहेत आणि आपण १० लाख विषाणू सोडले. प्रत्येक पेशीला एकेक मिळेल का? नाही! कोणाला दोन, कोणाला तीन, आणि ई चा उणे पहिला घात, म्हणजे जवळजवळ ३७ टक्के पेशींना एकही नाही. तिप्पट सोडले तरी ५ टक्के पेशी कोऱ्याच राहतात. सगळ्या पेशी एकाच वेळी बाधित करायच्या असतील तर म्हणून भरपूर विषाणू लागतो. उलट, नुसता साठा वाढवायचा असेल तर शंभर पेशींमागे एक, इतकाच सोडतात. जास्त घातला तर अर्धवट, सदोष प्रती साठत जातात आणि उत्पादन घटतं. 'जास्त टाकलं की जास्त मिळेल' हा हिशोब इथे चालत नाही.

हट्टी पाहुणे

१९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एक विचित्र रोग आला. डुकरिणींचे गर्भपात, पिलांना धाप. कारण सापडेना, म्हणून नावच पडलं 'मिस्टरी स्वाइन डिसीज'. युरोपातही तो पोहोचला. नेहमीच्या सेल लाइन्समध्ये काहीच उगवेना. अखेर १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या लेलीस्टाड इथल्या संशोधकांनी डुकराच्या फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशी वापरल्या आणि विषाणू हाती लागला. आज त्या रोगाला पीआरआरएस म्हणतात.

मॅक्रोफेज म्हणजे शरीराचे पहारेकरी. हा विषाणू नेमका पहारेकऱ्यांनाच धरतो! पण या पेशी फ्लास्कमध्ये विभागत नाहीत. डुकराची फुप्फुसं सलाइनने धुऊन त्या मिळवाव्या लागतात, आणि एका डुकराच्या पेशी दुसऱ्यासारख्या वागतीलच याची खात्री नसते. मग १९९३ मध्ये माकडाच्या मूत्रपिंडाच्या एका जुन्या लाइनमधून मार्क-१४५ नावाचा क्लोन निवडला गेला. त्यात हा विषाणू चांगला वाढतो. हे असं का, याचं उत्तर २००७ मध्ये मिळालं. विषाणूला आत शिरायला सीडी-१६३ नावाचं प्रथिन लागतं. ज्या पेशीवर ते आहे तिथेच दार उघडतं. ज्या पेशीवर ते नाही तिच्यावर ते बाहेरून बसवलं तर तीही बाधित होते. पुढे याच माहितीवरून सीडी-१६३ चा जीन बदललेली, या रोगाला दाद न देणारी डुकरं तयार झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यांना मंजुरी दिली. 'हा विषाणू या फ्लास्कमध्ये का वाढत नाही?' या एका प्रश्नाने इथवर आणलं. आपल्या देशात हा रोग २०१३ मध्ये मिझोराममध्ये आढळला.

दुसरा हट्टी म्हणजे आफ्रिकन स्वाइन फीवर. नाव सारखं असलं तरी क्लासिकलशी याचं काही नातं नाही. त्यालाही मॅक्रोफेजच हवेत. १९६० मध्ये माल्मक्विस्ट आणि हे यांनी त्याची एक सुंदर ओळख शोधली. बाधित पेशीभोवती डुकराच्या लाल रक्तपेशी फुलाच्या पाकळ्यांसारख्या चिकटून बसतात. व्हेरो पेशींमध्ये हा विषाणू जबरदस्तीने वाढवता येतो, पण फेऱ्या वाढत गेल्या की त्याच्या जीनोमचे तुकडेच गळतात. फ्लास्कमध्ये रुळलेला विषाणू मग डुकरातल्या विषाणूसारखा राहत नाही. म्हणूनच याची लस इतकी रखडली. २०२२ मध्ये व्हिएतनामने एका लशीला परवानगी दिली, तीही वादाशिवाय नाही.

हा रोग २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात शिरला. आमच्याच बॅचमधला आसामचा एक मित्र तेव्हा दहावीत होता. घरी पाच डुकरं होती, आठवड्याभरात एकही उरलं नाही. "आमच्याकडे डुक्कर म्हणजे एफडी असते," तो म्हणाला. "फी भरायची वेळ आली की एक विकायचं." २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९० लाख डुकरं आहेत आणि त्यातली २१ लाख एकट्या आसामात. म्हणजे किती घरांची एफडी, विचार करा.

सशांचा हिशोब

आता मुद्द्याची गोष्ट. क्लासिकल स्वाइन फीवरची लस आपल्या देशात १९६४ पासून बनते. पण कशी? इंग्लंडहून आणलेला वेब्रिज स्ट्रेन सशांत वाढवून. सशाला विषाणू टोचायचा, मग त्याला मारून प्लीहा काढायची आणि त्यापासून लस करायची. सरकारने दिलेल्या माहितीनुसार एका सशापासून फक्त ५० डोस मिळत. देशाची गरज वर्षाला २ कोटी २० लाख डोसची, आणि बनत होते १२ लाख.

कॅल्क्युलेटर काढा. २ कोटी २० लाख भागिले ५०. वर्षाला ४ लाख ४० हजार ससे! तेवढे ससे आणायचे कुठून, पाळायचे कुठे, आणि मारायचे तरी कोणी? म्हणून लस कमी पडायची, आणि कमी पडली की डुकरं मरायची.

बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने यावर पेशीसंवर्धनाचा मार्ग काढला. भारतातलाच विषाणू घेऊन, पेशींमध्ये पुन्हा पुन्हा पॅसेज करत त्याचा दंश काढून टाकला. तो वाढतो तसाच, पण डुकराला आजारी पाडत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ही लस जाहीर झाली. सशाच्या लशीचा डोस १५ ते २५ रुपयांना, आयात केलेली कोरियन लस ३० रुपयांच्या आसपास, आणि ही २ रुपयांहून कमी, असं तेव्हा सांगितलं गेलं. वर्षाला दोनऐवजी एकच डोस पुरतो. आणि एकही ससा लागत नाही.

हीच जागा आहे जिथे इंजिनिअर लागतो. टी-७५ फ्लास्कने २ कोटी डोस होणार नाहीत. मग काय करायचं? १९६७ मध्ये व्हॅन वेझेल यांनी युक्ती काढली: पेशींना मोठी भिंत देण्याऐवजी बारीक मणी द्यायचे. साधारण ०.२ मिलिमीटर व्यासाचे मणी द्रवात तरंगते ठेवायचे आणि पेशी त्यांवर वाढवायच्या. काही मण्यांचं पृष्ठफळ ग्रॅममागे ४४०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असतं. लिटरमागे ३ ग्रॅम घातले तर १३,२०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे १७६ फ्लास्क एका लिटरमध्ये! पण इम्पेलर जोरात फिरवला तर शिअरमुळे पेशी सुटतात, हळू फिरवला तर मणी तळाशी बसतात आणि ऑक्सिजन पुरत नाही. बायोरिअॅक्टरचं सगळं डिझाइन या दोन टोकांच्या मधे आहे. मेकॅनिकलवाल्यांनो, हे तुमच्याच फ्लुइड मेकॅनिक्समधलं आहे.

न बोलावलेले पाहुणे

पेशीसंवर्धनाची सगळ्यांत मोठी भीती म्हणजे भेसळ. बुरशी आली तर दिसते. मायकोप्लाझ्मा दिसत नाही, मीडियम गढूळही होत नाही, पण निकाल सगळे बिघडवतो. आणि विषाणूची भेसळ तर त्याहून छुपी.

१९७४ मध्ये बर्लिनमध्ये टिशर आणि सहकाऱ्यांना पीके-१५ पेशींमध्येच एक चिमुकला विषाणू सापडला. कोणी घातला नव्हता, तो आधीपासूनच तिथे राहत होता! १९८२ मध्ये कळलं की त्याचा डीएनए गोल आणि एकेरी आहे, म्हणून नाव पडलं सर्कोव्हायरस. हा पहिला प्रकार निरुपद्रवी निघाला, पण त्याचाच भाऊबंद, पीसीव्ही-२, १९९० च्या दशकात पिलांना खंगवून मारणारा ठरला.

गोष्ट इथे संपत नाही. २०१० मध्ये लहान मुलांच्या रोटाव्हायरसच्या एका लशीत याच निरुपद्रवी सर्कोव्हायरसचा डीएनए सापडला. ती लस व्हेरो पेशींमध्ये बनत होती. डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या ट्रिप्सिनमधून तो आला असावा असं मानतात. मार्चमध्ये अमेरिकेने वापर थांबवला, धोका नाही हे तपासून मेमध्ये पुन्हा सुरू केला. कोणालाही इजा झाली नाही, पण प्रत्येक लॅबने धडा घेतला: बाटलीत जे जे जातं त्या प्रत्येकाचा इतिहास माहीत हवा.

सीरमचंही तेच. गायीच्या बीव्हीडी नावाच्या विषाणूने सीरम दूषित असू शकतं, आणि तो स्वाइन फीवरच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक आहे. दोघेही सीपीई न करता राहू शकतात. नीट निवडलेली अँटिबॉडी नसेल तर पेशी हिरव्या चमकतील आणि अहवाल जाईल 'स्वाइन फीवर'. शेतकऱ्याचा कळप मारला जाईल, तोही सीरमच्या बाटलीमुळे! म्हणून सीरमचा प्रत्येक लॉट वापरण्याआधी तपासतात.

आपली सुरक्षा

१९९८-९९ मध्ये मलेशियात डुकरं पाळणारे लोक मेंदूच्या तापाने मरू लागले. आधी वाटलं जपानी मेंदूज्वर. डासांवर धूर मारला, लसी टोचल्या, फरक पडेना. मार्च १९९९ मध्ये मलाया विद्यापीठात एका रुग्णाचा नमुना व्हेरो पेशींवर टाकला आणि पेशी एकमेकींत विरघळायला लागल्या. तो निपाह होता, डुकरांकडून माणसांत आलेला. शंभरहून अधिक माणसं गेली आणि दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. एका फ्लास्कने लढाईची दिशाच बदलली.

म्हणून कोणता विषाणू कुठे उघडायचा याचे नियम कडक आहेत. निपाहला सर्वांत वरची पातळी, बीएसएल-४. पुण्याच्या एनआयव्हीत ती २०१२ पासून आहे. आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही, पण तो बाहेर निसटला तर जिल्ह्यातली डुकरं संपतील. म्हणून भोपाळच्या उच्च सुरक्षा संस्थेसारख्या ठिकाणीच तो हाताळतात.

आपल्या लॅबसाठी एकच लक्षात ठेवा. आडवा लॅमिनार फ्लो आणि बायोसेफ्टी कॅबिनेट या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात हवा नमुन्यावरून आपल्या तोंडावर येते, म्हणजे पेशी सुरक्षित आणि आपण नाही. विषाणूचं काम दुसऱ्यातच करायचं. "विषाणू ०.०५ मायक्रॉनचा आणि हेपा फिल्टरची खात्री ०.३ मायक्रॉनची, मग तो निसटत नाही का?" असं कोणी हमखास विचारतं. नाही. ०.३ हा फिल्टरला सगळ्यांत अवघड जाणारा आकार आहे, तिथेसुद्धा तो ९९.९७ टक्के अडवतो. त्याहून बारीक कण ब्राउनियन गतीने इकडेतिकडे भरकटतात आणि तंतूंना जाऊन चिकटतात.

असो. मेसच्या टेबलावरच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलंच. थोडक्यात सांगायचं तर आम्ही लॅबमध्ये पेशींना जेवण देतो, खोल्या बदलून देतो आणि नको ते पाहुणे येत नाहीत ना हे बघतो. हे नीट जमलं तर एका सशाचा जीव वाचतो, आणि आसामातल्या एखाद्या घरात फी भरायच्या वेळेला डुक्कर गोठ्यात जिवंत असतं. कोणाला टीसीआयडी-५० चं गणित अडलं तर आमच्या लॅबमध्ये या. चप्पल बाहेर काढून!